जुन्या गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना: आधी व्होल्टेज, मग वॅट, शेवटी रेशो

बरीच वर्षं जुना गेमिंग लॅपटॉप ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा म्हटलं की बहुतेक जण थेट रेशोकडे वळतात. रेशो म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो गुणक. ३५ चा ३८ करायचा, सेव्ह करायचं आणि गेम लावायचा. दहा मिनिटांत तापमान ९७ अंशांवर जातं, क्लॉक मूळ वेगापेक्षाही खाली येतो, आणि मग 'लॅपटॉपवर ओव्हरक्लॉकिंग होतच नाही' असा निष्कर्ष निघतो. होतं, पण क्रम उलटा आहे. लॅपटॉपमध्ये वेग अडतो तो उष्णतेमुळे आणि वॅटच्या मर्यादेमुळे. या दोन भिंती आधी मागे सारल्या तरच रेशो वाढवण्याला अर्थ आहे. बऱ्याच मशीनमध्ये तर त्या सारल्यावर रेशोला हात लावायची गरजच उरत नाही.

सुरुवातीला तुमचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे ते पाहा. इंटेलच्या नावामागे 'एचके' असेल तर तो अनलॉक्ड, म्हणजे रेशो वर नेता येतो. २०१५ चा आय७-६८२०एचके, २०१७ चा आय७-७८२०एचके, २०१८ चा आय९-८९५०एचके हे त्यातले. नुसतं 'एचक्यू' किंवा 'एच' असेल, उदाहरणार्थ आय७-७७००एचक्यू किंवा आय७-८७५०एच, तर कंपनीने ठरवलेल्या कमाल टर्बोच्या, म्हणजे गरजेपुरत्या वाढीव वेगाच्या वर जाता येत नाही. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवर बांधलेला असतो, तिथूनही वाट नाही. तरी लॉक्ड प्रोसेसरवाल्यांनी निराश होऊ नये. आय७-८७५०एच चे सहाही कोअर कागदावर ३.९ गीगाहर्ट्झने धावू शकतात, पण ४५ वॅटच्या मर्यादेत पूर्ण लोडवर तो अर्ध्या मिनिटात तीन गीगाहर्ट्झच्या आसपास उतरतो. कागदावरचा आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांतलं हे अंतर भरून काढणं हाच लॉक्ड प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक, आणि तो एचकेवाल्यांना मिळणाऱ्या फायद्याहून लहान नसतो.

त्याआधी एक तपासणी न चुकता करा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम वाढणार नाहीत. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल, फ्रेम मध्येच अडखळत असतील आणि एखाद-दुसरा कोअर पूर्ण भरलेला दिसत असेल, तर प्रोसेसरवर मेहनत घेण्यात अर्थ आहे. रॅमही पाहून घ्या. एकच स्टिक असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी बसवून ड्युअल चॅनल करणं हे २००-३०० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त फळ देतं, आणि त्यात धोका शून्य. सातव्या पिढीला डीडीआर४-२४००, आठव्या पिढीच्या 'एच'ला डीडीआर४-२६६६ लागते.

आधीची नोंद

बदल करण्याआधी मशीन आज कुठे उभं आहे ते लिहून ठेवा. यासाठी तीन मोफत साधनं पुरतात: तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो, वेगाची चाचणी घेणारं सिनेबेंच आर२३ आणि व्होल्टेज-वॅट-रेशो बदलू देणारं थ्रॉटलस्टॉप. तिन्ही मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा आणि थ्रॉटलस्टॉपची सर्वांत नवी आवृत्ती घ्या. एचडब्ल्यूइन्फो आणि थ्रॉटलस्टॉप प्रोसेसरच्या रजिस्टरपर्यंत पोहोचणारा ड्रायव्हर वापरतात, त्यामुळे कुठल्याही अनोळखी जागेवरची प्रत घेणं हा खरा धोका आहे.

चार्जर लावून, लॅपटॉप टेबलावर ठेवून सिनेबेंचची दहा मिनिटांची मल्टिकोअर चाचणी चालवा. खोलीचं तापमान, शेवटच्या दोन मिनिटांतला क्लॉक, पॅकेज पॉवर, प्रत्येक कोअरचं कमाल तापमान आणि गुण एवढं नोंदवा. थ्रॉटलस्टॉपमधली लिमिट्सची खिडकी उघडी ठेवा. वेग का कमी झाला याचं कारण ती सांगते. लाल खूण म्हणजे मर्यादा आत्ता लागू आहे, पिवळी म्हणजे मघाशी लागली होती. 'थर्मल' लाल असेल तर कूलिंग कमी पडतंय, 'पीएल१' लाल असेल तर वॅटची मर्यादा आडवी येतेय, 'ईडीपी अदर' असेल तर विद्युतप्रवाहाची. पुढचा प्रत्येक निर्णय या खिडकीवरून घ्यायचा आहे.

कोअर-कोअरमधला फरकही बघा. एकसारख्या लोडवर चार-आठ अंशांचा फरक नेहमीचा. तो १५ च्या पुढे असेल तर हीटसिंक एका बाजूने नीट टेकलेला नाही किंवा मधली थर्मल पेस्ट सरकली आहे. आधी ते दुरुस्त करा, सॉफ्टवेअरने तो दोष झाकता येत नाही.

क्लॉक ०.८० गीगाहर्ट्झवर अडकलेला आणि तापमान थंड, असं दिसलं तर बहुधा बाहेरून कुणीतरी प्रोसेसरला 'थांब' असा इशारा देतंय. थ्रॉटलस्टॉपमध्ये याला बीडी प्रोचॉट म्हणतात. जुन्या लॅपटॉपमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे चार्जर ओळखला न जाणं: पिनमधली मधली सुई वाकलेली, वायर तुटत आलेली, किंवा चार्जरच कमी वॅटचा. ती खूण काढून टाकली की वेग परत येतो खरा, पण कारण न शोधता ती काढणं म्हणजे संरक्षण बंद करणं. आधी दुसरा योग्य वॅटचा चार्जर लावून बघा. जीटीएक्स १०७० असलेल्या मशीनला २३० वॅट, १०६० असलेल्यांना सहसा १८० वॅटचा चार्जर येतो. त्याहून लहान चार्जरवर ओव्हरक्लॉकचा विचारही करू नका. लोड वाढला की उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते, आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी खेळता खेळता उतरत जाते.

साफसफाई आणि पेस्ट

बाहेरून ब्लोअर मारून जुना लॅपटॉप साफ होत नाही. धूळ पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखी दाबून बसते. बाहेरून हवा मारली की ती थोडी मागे सरकते, पुन्हा तिथेच चिकटते. खालचं झाकण उघडून पंख्याचं कव्हर काढावं लागतं. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज घालवणं. बॅटरी फुगलेली दिसली तर इथेच थांबा आणि ती बदला. फुगलेल्या बॅटरीवर ओव्हरक्लॉक केलेलं मशीन चालवण्याला कुठलंही समर्थन नाही. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेच्या झोताने भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीज तयार करते.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. उघडताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. बसवताना आकड्यांच्या क्रमाने, तसाच थोडा थोडा कसत. एक स्क्रू पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे गेलात तर डायच्या, म्हणजे प्रोसेसरच्या सिलिकॉन तुकड्याच्या कोपऱ्यावर सगळा दाब येतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते, सिलिकॉन उघडं असतं आणि त्याचा कोपरा तुटू शकतो. हीटसिंक चिकटून बसला असेल तर सरळ वर ओढू नका. उघडण्याआधी दहा मिनिटं लॅपटॉप चालवून पेस्ट मऊ करून घ्या, मग हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा.

जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन लावताना मध्ये दाण्याएवढा ठिपका ठेवून भागत नाही. डाय उघडा असल्याने पेस्ट सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरलेली हवी, कोपऱ्यांसकट. एमएक्स-४ सारखी पेस्ट चालते, पण उघड्या डायवर रोजच्या गरम-थंड होण्याने पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते आणि काही महिन्यांत तापमान पुन्हा चढतं. म्हणून जुन्या गेमिंग लॅपटॉपसाठी हनीवेलच्या पीटीएम७९५० या फेज-चेंज शीटची शिफारस करते आहे असं नाही, आग्रहच आहे. साधारण ४५ अंशांला ती मऊ होऊन फटी भरते, थंड झाल्यावर जागीच राहते. डायपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर मोठा तुकडा कापा, दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे वरची फिल्म स्वच्छ निघते. बसवल्यावर पहिल्या दिवशीचे आकडे बघून निराश होऊ नका. चार-पाच वेळा गरम-थंड झाल्यावर ती पूर्ण बसते.

मेमरी आणि पॉवर सर्किटवरचे थर्मल पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्या. ०.५ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटरचा लावला तर हीटसिंक तेवढा उचलला जातो आणि डायवर टेकतच नाही. पेस्ट बदलल्यावर तापमान वाढलं असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांची चूक इथे असते. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. ते वीज वाहून नेतं, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि उचलून इकडे-तिकडे न्यायच्या मशीनमध्ये ते बाहेर ओघळलं तर मदरबोर्डच जातो.

अंडरव्होल्ट: खरा फायदा इथे आहे

प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. कारखान्यातून येणारं व्होल्टेज सगळ्या चिप चालाव्यात म्हणून थोडं चढं ठेवलेलं असतं, आणि तुमच्या चिपला बहुधा तेवढं लागत नाही. १.०५ व्होल्टचं ०.९३ केलं तर त्याच वेगाला वीज पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच कमी होते. तीच वाचलेली वीज टर्बोला परत मिळते. ४५ वॅट तेवढेच राहतात, त्यात क्लॉक वर चढतो आणि तापमान उतरतं.

आपल्या मशीनमध्ये हे उघडं आहे का ते आधी बघावं लागतं. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज बदलून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गणितं बिघडवता येतात असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतरच्या बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये अनेक लॅपटॉपवर व्होल्टेज बदलायची सोयच बंद झाली. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर या व्होल्टेज बदलायच्या खिडकीत 'लॉक्ड' दिसलं तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. बायॉसमध्ये अंडरव्होल्टचा किंवा ओव्हरक्लॉकिंगचा पर्याय आहे का शोधा. कंपनीने जुनी बायॉस अधिकृतपणे परत टाकू दिली तर तीही एक वाट आहे. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) तात्पुरतं थांबवा आणि त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती मागेल आणि डेटा कुलूपबंद राहील. बायॉसच्या लपलेल्या व्हेरिएबलमध्ये थेट आकडे लिहिण्याचे उपाय मात्र टाळा. एक पत्ता चुकला तर लॅपटॉप सुरूच होत नाही, आणि मग चिप प्रोग्रामर लावणारा कारागीर शोधावा लागतो.

विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तरीही व्होल्टेजचा ताबा मिळत नाही असं होतं. ती बंद केली की मिळतो, पण सुरक्षेचा एक थर जातो. बँकेची, ऑफिसची कामं त्याच लॅपटॉपवर होत असतील तर मी ती बंद करायला सांगणार नाही. अशा मशीनवर पेस्ट, साफसफाई आणि वॅट एवढ्यावरच थांबावं. काही गेमच्या अँटीचीटला असे ड्रायव्हर चालत नाहीत, तेही तपासा.

आता कृती. इंटेलचं एक्सटीयू हे अशाच कामाचं साधन असेल तर काढून टाका. दोन साधनं एकाच रजिस्टरवर लिहू लागली की कुणाचा आकडा लागू आहे ते कळत नाही. एफआयव्हीआरमध्ये 'सीपीयू कोअर' निवडा, अनलॉक ॲडजस्टेबल व्होल्टेजवर खूण करा, ऑफसेट, म्हणजे मूळ व्होल्टेजमधला फरक, उणे ५० मिलिव्होल्ट. मग 'सीपीयू कॅश' निवडून तिथेही उणे ५०. कोअर आणि कॅश एकाच व्होल्टेज लाइनवर आहेत. एकालाच कमी केलं तर दुसऱ्याची जास्त मागणी जिंकते आणि प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. 'मी उणे १५० लावलं, क्रॅशही नाही, थंडही नाही' या तक्रारीमागे बहुधा एवढंच असतं. आकडा साधारण एक मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी बसतो, त्यामुळे उणे १०० च्या जागी उणे ९९.६ दिसलं तर ते बरोबर आहे. सिस्टम एजंटला हात लावू नका. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सचा ऑफसेट कमी करून गेमिंगला काही मिळत नाही.

खालच्या पर्यायांपैकी 'व्होल्टेज सेव्ह करू नका' हाच निवडा. सॉफ्टवेअरने दिलेलं व्होल्टेज मशीन पूर्ण बंद होऊन चालू झालं की पुसलं जातं, आणि हीच तुमची सुरक्षा. क्रॅश झालं, पॉवर बटण दाबून बंद केलं, पुन्हा लावलं की सगळं मूळपदावर. तोच आकडा बायॉसमध्ये भरला असता तर कदाचित लॅपटॉप चालूच झाला नसता, आणि खाली उघडून बटण सेल काढण्याची वेळ आली असती.

उणे ५० ला चाचणी, मग दहा-दहाने खाली. सातव्या-आठव्या पिढीच्या बऱ्याच चिप उणे १०० ते उणे १४० च्या दरम्यान थांबतात, काही आधीच हात वर करतात. दुसऱ्याचा आकडा उचलून लावू नका, दोन सारख्या लॅपटॉपमध्येही चिप वेगळी असते.

चाचणीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण पुष्कळ जण इथे फसतात. प्राइम९५ हे प्रोसेसरला ताण देणारं साधन तासभर चाललं म्हणजे अंडरव्होल्ट स्थिर, असं होत नाही. लॅपटॉपमध्ये प्राइम९५ लावलं की वॅटची मर्यादा लागते आणि क्लॉक २.८-३ गीगाहर्ट्झवर येतो. तुमचा ऑफसेट ३.८ किंवा ४.१ गीगाहर्ट्झला टिकतो का, हे त्या तासात तपासलंच गेलं नाही. खरा क्रॅश येतो ब्राउझरमध्ये टॅब उघडताना, किंवा गेमच्या मेनूत, जिथे एकच कोअर क्षणभर कमाल वेगाला जातो. म्हणून सिनेबेंचची सिंगल कोअर चाचणी पूर्ण चालवा, थ्रॉटलस्टॉपमधला टीएस बेंच चालवा आणि त्यात एरर शून्य आहेत ना ते पाहा, मल्टिकोअर दहा मिनिटं चालवा, लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून उठवा, आणि चार्जर काढून बॅटरीवरही थोडं काम करा. ऑफसेट सगळ्या वेगांना सारखाच वजा होतो, त्यामुळे कमी वेगालाही तो जड जाऊ शकतो.

निळा स्क्रीन येण्याआधी इशारे मिळतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची १९ क्रमांकाची नोंद दिसली तर प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच दुरुस्त केली, असा त्याचा अर्थ. एचडब्ल्यूइन्फोमध्येही या चुकांची मोजणी शेवटच्या ओळींत दिसते. एकही नोंद आली तर तो आकडा नापास. निळ्या स्क्रीनवर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' आलं तर व्होल्टेज कमी पडलं हे जवळपास नक्की. जिथे चूक दिसली तिथून १५-२० मिलिव्होल्ट परत वर या आणि तोच कायमचा आकडा ठेवा. काठावर ठेवलेलं सेटिंग उन्हाळ्यात किंवा नव्या गेममध्ये दगा देतं. या सगळ्या चाचण्या चालू असताना महत्त्वाची फाइल उघडी नको आणि बॅकअप आधीच घेतलेला हवा. क्रॅश प्रोसेसरला इजा करत नाही, पण अर्धवट लिहिलेली फाइल मात्र जाते.

आठवडाभर नेहमीच्या वापरात टिकलं की मगच सेव्ह करा. विंडोजसोबत सुरू करायचं असेल तर टास्क शेड्युलरमध्ये 'लॉग ऑन'ला, सर्वोच्च अधिकारांसह, एक मिनिट उशिराने लावा. त्या एका मिनिटात, गरज पडलीच तर, थ्रॉटलस्टॉपच्या फोल्डरमधली आयएनआय फाइल काढून टाकता येते. कंडिशन्समधली 'फक्त चार्जरवर चालवा' ही खूणही काढायला विसरू नका.

वॅट आणि मग रेशो

लिमिट्समध्ये आता 'थर्मल' शांत असेल आणि 'पीएल१' लाल असेल, तर वॅट वाढवायला जागा आहे. टीपीएल खिडकीत पीएल१ ही दीर्घकाळची मर्यादा, पीएल२ थोड्या वेळाची, आणि टर्बो टाइम लिमिट म्हणजे तो थोडा वेळ किती, बहुधा २८ सेकंद. पीएल१ ४५ वरून ५० करा, दहा मिनिटांची चाचणी घ्या, मग ५५. तापमान सलग ८८-९० च्या वर जायला लागलं की एक पायरी मागे. आकडा बदलूनही मर्यादा तिथेच राहिली तर लॅपटॉपचा कंट्रोलर दुसऱ्या ठिकाणाहून, एमएमआयओतून, तीच मर्यादा लादत असतो. टीपीएलमधलं एमएमआयओ लॉक लावून पाहा. ६० वॅटच्या पुढे मी जाऊ नका म्हणेन, खासकरून मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये. प्रोसेसरजवळचं पॉवर सर्किट त्यासाठी बांधलेलं नसतं, आणि त्याचं तापमान दाखवणारा सेन्सरही अनेकदा नसतो. ते जळेपर्यंत काही कळत नाही.

रेशो वाढवणं फक्त एचकेवाल्यांसाठी. आय७-६८२०एचके घ्या: एका कोअरला ३.६, चारही कोअरना ३.२ गीगाहर्ट्झ. चारही कोअर ३.८ ला न्यायचे आणि त्यासाठी व्होल्टेज १.०० वरून १.१२ करावं लागलं असं धरू. वेग १९ टक्के वाढतो, वीज ४९ टक्के. आधी ४५ वॅट लागत असतील तर आता ६७. हे गणित कागदावर करून मगच ठरवा की तुमचा हीटसिंक तेवढे वॅट बाहेर टाकू शकतो का. म्हणून रेशो एकेक पायरीने, आणि आधी व्होल्टेज अजिबात न वाढवता. अंडरव्होल्ट केलेल्या चिपचा ऑफसेट उणे ८० वरून उणे ४० केला तरी पुष्कळदा पुढची पायरी मिळते. शून्यावर आलात, तरी स्थिर नाही, तर तो रेशो त्या चिपचा नाही. लॅपटॉपमध्ये अधिकचा, म्हणजे धन ऑफसेट देणं मला पटत नाही. लोडवर १.२५ व्होल्टच्या वर जाणारं काहीही रोजच्या वापराला नको. सगळ्या कोअरना एकच रेशो देण्यापेक्षा एक-दोन कोअरना जास्त आणि चारांना कमी ठेवलं तर गेमना फायदा मिळतो आणि पूर्ण लोडची उष्णता आवाक्यात राहते: उदाहरणार्थ ४०, ३९, ३८, ३७.

'ईडीपी अदर' लाल झालं तर एफआयव्हीआरमधली कोअर आणि कॅशची आयसीसी मॅक्स, म्हणजे कमाल विद्युतप्रवाहाची मर्यादा थोडी थोडी वाढवा. तिथेही दोघांचा आकडा सारखा ठेवा.

एक संरक्षण सगळ्यांनी लावून ठेवावं: प्रोचॉट ऑफसेट. या चिप १०० अंशांना स्वतःला आवरतात. ऑफसेट ५ दिला की ९५ लाच आवरतील. काही लॅपटॉपवर हा आकडा लॉक असतो, पण असेल उघडा तर पंखा बंद पडला, धूळ भरली तरी नुकसान टळतं. स्पीड शिफ्टची ईपीपी किंमत (शून्य म्हणजे पूर्ण वेग, आकडा मोठा तितकी वीजबचत) खेळताना शून्याऐवजी ३२ ते ६४ ठेवली तर वेगात फरक जाणवत नाही आणि निवांत असताना क्लॉक खाली उतरतो.

आता खरी परीक्षा: गेम. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या हीटपाइप सामायिक असतात. सिनेबेंचला ८२ अंश दाखवणारा प्रोसेसर गेममध्ये ९३ ला जातो, कारण शेजारचं कार्ड तीच पाइप तापवतं. तुमच्या सर्वांत जड गेममध्ये ४० मिनिटं खेळून मग आकडे बघा. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर फ्रेम ६० ला बांधा. १०० फ्रेम काढून ४० फेकून देण्यात नुसती उष्णता तयार होते.

आपल्याकडे ऋतूचा विचार वेगळा करावा लागतो. खोलीचं तापमान जितकं वाढतं तितकं, किंबहुना थोडं जास्तच, प्रोसेसरचं वाढतं, कारण गरम सिलिकॉन गळतीची वीजही जास्त खातं. जानेवारीत पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ८४ वर थांबणारं सेटिंग मे महिन्यात नागपुरात ३८ अंशांच्या खोलीत ९७ ला टेकेल. थ्रॉटलस्टॉपमध्ये चार प्रोफाइल मिळतात, ती अशी वापरा: एक थंडीचं, एक उन्हाळ्याचं ज्यात पीएल१ पुन्हा ४५ आणि रेशो दोन पायऱ्या खाली, एक बॅटरीचं ज्यात ईपीपी १२८ च्या वर. वीज गेली की बॅटरी प्रोफाइल आपोआप लागू होईल अशी सोय ऑप्शन्समध्ये आहे. डेझर्ट कूलरने खोली थंड होते ते चांगलंच, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार असतात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने हीटसिंकच्या पात्या आणि स्क्रू गंजतात, तिथे साफसफाईसाठी सहा महिन्यांहून जास्त थांबू नये.

एएमडीवाल्यांसाठी थोडक्यात. रायझन ७ ३७५०एच, ४८००एच यांचा रेशो लॅपटॉपमध्ये वाढवता येत नाही. तिथे रायझेनॲडज हे साधन वापरून स्टॅपम, फास्ट आणि स्लो या वॅटच्या तीन मर्यादा वाढवतात. आकडे मिलिवॅटमध्ये द्यायचे असतात, म्हणजे ४५ वॅटसाठी ४५०००. तापमानाची मर्यादाही तिथेच ९० वर बांधा. स्लीपमधून उठल्यावर किंवा चार्जर काढून लावल्यावर हे आकडे मूळपदावर जाऊ शकतात, त्यामुळे टास्क शेड्युलरमधून त्या दोन्ही प्रसंगी आज्ञा पुन्हा चालेल असं लावून ठेवावं लागतं. पेस्ट, पॅड आणि चाचणीबद्दल वर लिहिलेलं सगळं तिथेही तसंच लागू आहे. व्होल्टेजचा भाग तेवढा सोडून द्या.